मज्जातंतूंचा माग काढणारा डॉक्टर

‘ग्रेज अॅनाटॉमी’ हा ग्रंथ न चाळलेला डॉक्टर विरळाच. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील आकृत्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी काढल्या. मजकूर हेन्री ग्रे यांचा होता आणि कीर्तीही त्यांच्याच वाट्याला आली. ग्रंथ बाजारात आला तेव्हा कार्टर मुंबईत पोहोचले होते.

इंग्लंडमधील हल येथे १८३१ मध्ये जन्मलेल्या, चित्रकाराच्या या मुलाने ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवले. जे. जे. रुग्णालयात त्यांना महारोगाचे रुग्ण भेटले.  मृत रुग्णांच्या हातापायांचे विच्छेदन करताना कार्टर यांना मज्जातंतू जागोजाग जाड झालेले आढळले. हात बधिर का होतो, बोटे का आखडतात, याचे उत्तर त्या तंतूंत होते.

हे निरीक्षण आजही दवाखान्यात उपयोगी पडते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, अकोल्यात असो वा नेवाशात, हातापायांची जळजळ, मुंग्या किंवा विजेसारखा झटका सांगणाऱ्या रुग्णाच्या दुखण्यामागे मधुमेह, नागीण किंवा मणक्याचा विकार असू शकतो. त्याला संधिवाताची गोळी देऊन वाटेला लावणे सोपे. पण दुखरी जागाच बधिर असेल, तर दुखणे मज्जातंतूचे असण्याची शक्यता बळावते. अशा वेळी कापूस आणि टाचणीने संवेदना तपासावी लागते. कोपराच्या आतील बाजूस, गुडघ्याखाली बाहेरून आणि घोट्याच्या आत तंतू बोटांनी चाचपावा लागतो. तो जाड, दुखरा लागला तर कुष्ठरोगाची शंका घ्यायलाच हवी. तंतूदाहावर स्टिरॉइड पहिल्या सहा महिन्यांत सुरू झाले नाही, तर गेलेली संवेदना परत येणे कठीण होते.

कार्टर १८६३ ते १८७२ साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. पुढे त्यांनी नॉर्वेला जाऊन हॅन्सन यांचे काम पाहिले. रुग्णांना वेगळे ठेवण्याचा त्यांचा आग्रह आज पटणारा नाही. मात्र तेव्हा आजारावर औषधच नव्हते. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत पसरलेल्या उलटणाऱ्या तापाचे जंतू त्यांनी रुग्णांच्या रक्तात दाखवले, तेव्हा तो ताप त्यांनाही जडला.

१८८८ मध्ये ते निवृत्त झाले. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली.