आसनाचा घसारा आणि जेआरडींची नजर

लांब पल्ल्याच्या विमानातील बिझनेस क्लासचे आसन आता पूर्ण आडवे होऊन त्याचा बिछाना बनतो. या वर्गात असा सपाट बिछाना ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणला आणि त्यानंतर बड्या विमान कंपन्यांत त्याची चढाओढच सुरू झाली. शिक्षक, कारकून वा विद्यार्थी यांना अशा आसनावर झोपण्याचा योग क्वचितच येतो. मग त्याची चर्चा येथे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु अर्थव्यवहारातील एक सत्य या आसनाइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. ते असे की, सुखसोय एकदा विकत घेऊन भागत नाही. ती रोज नव्याने निर्माण करावी लागते.

या आसनात लहान मोटारी असतात, सांधे असतात, फोमच्या गाद्या आणि त्यांवरची आच्छादने असतात. दर फेरीला त्यावर नवा देह विसावतो. गादी दबते, कापड झिजते, चहा सांडतो, सांधे सैल होतात आणि एखादे दिवशी बिछाना अर्ध्यावरच अडतो. अर्थशास्त्रात या झिजेला घसारा म्हणतात. वर्षअखेरीस वहीत घसाऱ्याचा आकडा मांडला की लेखापालाचे काम संपते. प्रवाशाच्या पाठीचे दुखणे मात्र त्या आकड्याने थांबत नाही. वहीतला घसारा आणि वस्तूची खरी झीज यांतील हे अंतर ज्याने जन्मभर ओळखले, असा एक पुरुष आपल्याकडे होऊन गेला. त्यांचे नाव जे. आर. डी. टाटा.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. १९२९ च्या फेब्रुवारीत त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत टपाल आणले, ते एका इंजिनाच्या चिमुकल्या पुस मॉथ विमानातून, स्वतः चालवून. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडे, तेव्हा सारा संसार पुण्याला हलवावा लागे. सरकारी अनुदानाचा आधार न घेता सुरू झालेल्या या सेवेत चैनीला जागा नव्हतीच; परंतु नेटकेपणाची आणि वक्तशीरपणाची शिस्त तेथेच रुजली.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची ‘एअर इंडिया’ झाली. दोनच वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. या आंतरराष्ट्रीय कंपनीत सरकारचा वाटा ४९ टक्के, तर टाटांचा २५ टक्के होता. १९५३ मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते मान्य नव्हते. तथापि पंडित नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी आंतरराष्ट्रीय महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पुढे सुमारे पाव शतक ते विनावेतन सांभाळले. ज्या धोरणाला विरोध केला, त्याच धोरणातून जन्मलेल्या संस्थेसाठी त्यांनी आपल्या उमेदीचा मोठा काळ खर्ची घातला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या अध्यक्षांची कार्यपद्धती वेगळी होती. विमानप्रवास आटोपला की ते आपल्या निरीक्षणांची टिपणे अधिकाऱ्यांकडे धाडीत. कॉन्स्टेलेशन विमानांच्या काळातील अशा एका टिपणात त्यांनी आसनांची तक्रार केली आहे. काही आसने पुरेशी मागे कलतात, काही कलत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले होते. तेव्हा मागील भिंतीला टेकलेली रांग वगळता सर्व आसने सारखीच कलतील अशी व्यवस्था करावी, असे त्यांनी सुचविले. चहाचा रंग कॉफीहून ओळखता येऊ नये, हेही त्यांना खपले नाही. प्रवासात असताना विमानातील प्रसाधनगृहे ते स्वतः तपासून नीटनेटकी करीत, असेही सांगितले जाते. पोलाद, रसायने आणि मोटारी यांच्या कारखान्यांचा डोलारा सांभाळणारा हा उद्योगपती खुर्चीच्या कलाकडे लक्ष देई, कारण प्रवाशाला ताळेबंद दिसत नाही, खुर्ची दिसते, हे त्यांना ठाऊक होते.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट विमाने आली, १९७१ मध्ये जम्बो जेट आले. १ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ हे विमान मुंबईच्या किनाऱ्यालगत समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात जनता सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, पण अध्यक्ष म्हणून नव्हे. १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीचे कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक उणीवही नोंदवावी लागते. संस्थेचा दर्जा एका माणसाच्या नजरेवर फार अवलंबून राहिला. नजर गेली की दर्जा ढळतो. म्हणून त्या नजरेचे नियमात, तपासणीच्या वेळापत्रकात आणि राखीव निधीत रूपांतर व्हावे लागते. ते पुरेसे झाले नाही. पुढे मोठ्या विमानखरेदीचे करार झाले, २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विलीनीकरण झाले आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला. नवी विमाने आणि त्यांतील आडवी होणारी आसने आली. परंतु खरेदीचा समारंभ होतो, देखभालीचा होत नाही. आणि पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री देखभालीलाच लागते. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जुन्या विमानांच्या अंतर्भागाच्या नूतनीकरणासाठी ४० कोटी डॉलरहून अधिक खर्चाची योजना जाहीर करावी लागली. वेळच्या वेळी न केलेली देखभाल अशी व्याजासकट वसूल होते.

यावरून खाजगी मालकी भली आणि सार्वजनिक वाईट, असा सोपा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जेआरडींनी सुमारे पाव शतकाची सेवा सार्वजनिक महामंडळाच्याच अध्यक्षपदी बजावली. प्रश्न मालकीइतकाच आस्थेचा आहे, आणि ती आस्था अंदाजपत्रकात उतरविण्याचा आहे. एस.टी.चे फाटलेले आसन, महाविद्यालयातील मोडके बाक आणि कचेरीतील डुगडुगती खुर्ची यांचे दुखणे बिझनेस क्लासच्या अडलेल्या बिछान्याहून निराळे नाही. फरक एवढाच की, बिझनेस क्लासच्या प्रवाशाची तक्रार वरपर्यंत पोहोचते. बाकावरच्या विद्यार्थ्याची पोहोचत नाही. ती पोहोचायची, तर संस्था चालविणाऱ्यांनी अधूनमधून त्या बाकावर स्वतः बसून पाहिले पाहिजे.