जमिलाचा चेहरा रेखाटणारा पिकासो

८ डिसेंबर १९६१. अल्जीरियात स्वातंत्र्याची लढाई सुरू होऊन सात वर्षं झाली होती. त्या दिवशी दक्षिण फ्रान्समध्ये राहणाऱ्या ८० वर्षांच्या एका म्हाताऱ्याने कोळशाची कांडी घेतली आणि कागदावर एका मुस्लिम मुलीचा चेहरा काढला. मुलगी समोर नव्हती. ती फ्रान्सच्या तुरुंगात होती. समोर होता तो फक्त तिचा फोटो. मुलीचं नाव जमिला बूपाशा आणि म्हाताऱ्याचं नाव पाब्लो पिकासो.

पिकासोचं नाव आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. वेडीवाकडी चित्रं काढणारा, करोडोंना विकला जाणारा, एवढीच त्याची ओळख. पण हा माणूस कुठून आला आणि एका अल्जीरियन मुलीसाठी त्याने हात का चालवला, हे आपल्या घरांत फारसं बोललं जात नाही. म्हणून आज आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत.

पिकासोचा जन्म २५ ऑक्टोबर १८८१ रोजी स्पेनमधल्या मालागा शहरात झाला. मालागा म्हणजे जुन्या अंदलूसचं शहर. १४८७ पर्यंत तिथे मुस्लिमांची सत्ता होती आणि अकराव्या शतकातला अल्कझाबा किल्ला आजही तिथे उभा आहे. पिकासोचं जन्मघर त्या किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वडील होझे रुईझ चित्रकला शिकवायचे आणि कबुतरं रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. मुलाने पेन्सिल धरली ती वडिलांकडूनच. १८९५ साली धाकटी बहीण कोंचिता घटसर्पाने गेली. त्याच वर्षी कुटुंब बार्सिलोनाला आलं. पुढे त्याने सही करताना आईकडचं नाव घेतलं, पिकासो.

१९०० साली तो पहिल्यांदा पॅरिसला गेला. पुढच्याच वर्षी जिवलग मित्र कासाजेमास याने आत्महत्या केली. त्यानंतरची काही वर्षं पिकासोच्या चित्रांत निळा रंग भरून राहिला. आंधळे, भिकारी, उपाशी आया, थकलेली माणसं हीच त्याची पात्रं. स्वतःचीही हालत काही वेगळी नव्हती. १९०७ नंतर जॉर्ज ब्राक या मित्रासोबत त्याने घनवाद म्हणजे क्युबिझम उभा केला. एकच वस्तू एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवायची, ही त्यामागची कल्पना. लोक हसले, चिडले, पण जगाची चित्रकला तिथून बदलली.

बरं, ज्यांना वाटतं की त्याला सरळ चित्र जमतच नव्हतं, त्यांनी त्याची व्यक्तिचित्रं पाहावीत. १९२० साली त्याने संगीतकार स्त्राविन्स्कीचं रेखाचित्र काढलं. त्यात ना रंग, ना सावली. नुसत्या रेषेत माणूस बसलेला दिसतो.

इथे छापचित्रांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पिकासो घराघरांत पोचला तो त्यातून. कलाकार स्वतः तांब्याच्या पत्र्यावर किंवा दगडावर चित्र काढतो, त्यावरून ठरावीक प्रती छापतात. प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने क्रमांक लिहितात. समजा १२/५० असं लिहिलं असेल, तर पन्नासपैकी बारावी प्रत. याला मर्यादित आवृत्ती म्हणतात. प्रती कमी म्हणून भाव जास्त. दुसरा प्रकार म्हणजे मूळ रेखाचित्राची नक्कल छापून तिच्यावर क्रमांक घालणं. पिकासोच्या मृत्यूनंतर वारसांच्या परवानगीने अशाही प्रती निघाल्या. त्या बेकायदा नाहीत, पण त्यावर त्याचा हात फिरलेला नाही. विकत घेणाऱ्याने हा फरक विचारून घ्यावा, नाहीतर नकलेसाठी अस्सलचे पैसे मोजले जातात.

पिकासोने ही कला फक्त श्रीमंतांसाठी ठेवली नाही. १९३६ साली स्पेनमध्ये जनरल फ्रँकोने बंड केलं. पिकासोने १९३७ च्या सुरुवातीला फ्रँकोची खिल्ली उडवणारी चित्रमालिका पत्र्यावर कोरायला घेतली. आधी विचार होता पोस्टकार्डं काढायचा. नंतर तिची मर्यादित आवृत्ती निघाली आणि विक्रीचे पैसे स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या मदतीला गेले. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका गावावर बाजाराच्या दिवशी बॉम्ब टाकले. काही आठवड्यांत पिकासोने पावणेआठ मीटर रुंदीचं चित्र पुरं केलं. मेलेलं मूल हातात घेऊन किंचाळणारी आई त्यात आहे. आज गाझाच्या बातम्या पाहताना ते चित्र पुन्हा पुन्हा आठवतं.

नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये तो राहिला. १९४० साली त्याने फ्रान्सचं नागरिकत्व मागितलं होतं, ते मिळालं नाही. १९४४ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षात गेला. पण हुकमावर चित्र काढणारा तो नव्हता. १९५३ साली स्टालिन वारला तेव्हा त्याने काढलेलं स्टालिनचं रेखाचित्र पक्षातल्याच लोकांना रुचलं नाही, मोठा गदारोळ झाला. त्याआधी १९४९ मध्ये त्याच्या छापचित्रातलं पांढरं कबूतर पॅरिसच्या शांतता परिषदेच्या पोस्टरवर आलं आणि जगभर पोचलं. वडिलांची कबुतरं अशी कामी आली.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी अल्जीरियाची लढाई पेटली. त्याच डिसेंबरात पिकासोने अल्जीरियाच्या स्त्रियांवर चित्रमालिका सुरू केली. फ्रेंच चित्रकार देलाक्रुआच्या १८३४ च्या चित्रावरून त्याने १५ चित्रं केली. त्यातलं शेवटचं २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १७ कोटी ९४ लाख डॉलरला गेलं.

आता जमिलाकडे येऊ. फेब्रुवारी १९६० मध्ये अल्जिअर्सजवळ तिला वडिलांसह पकडलं. ती २२ वर्षांची. आरोप होता एका कॅफेत बॉम्ब ठेवल्याचा. तो बॉम्ब फुटलाच नव्हता, कुणालाही इजा झाली नव्हती. कोठडीत तिच्यावर असे अत्याचार झाले की लिहायला हात धजत नाही. पण तिने मान खाली घातली नाही. तिने थेट न्यायालयात तक्रार केली. त्या काळात असं बोलणं म्हणजे किती मोठी हिंमत, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. तिची वकील होती जिझेल हलिमी, ट्युनिशियातल्या ज्यू घरातली. लेखिका सिमोन द बोव्हारने २ जून १९६० रोजी पॅरिसच्या वृत्तपत्रात लेख लिहिला, तर अल्जिअर्समध्ये तो अंकच जप्त झाला.

१९६२ च्या सुरुवातीला हलिमी आणि बोव्हार यांचं जमिलावरचं पुस्तक निघालं आणि त्यावर पिकासोने काढलेला तो चेहरा होता. त्या चेहऱ्यावर ना जखम, ना अश्रू. काळे केस, मोठे डोळे आणि सरळ नजर. सरकारी कागदात जी दहशतवादी होती, ती लोकांना कुणाची तरी लेक दिसली. मर्यादित आवृत्तीचा भाव प्रती कमी असल्याने वाढतो. या चित्राचं वजन वाढलं ते प्रती हजारोंनी गेल्यामुळे.

मार्च १९६२ मध्ये करार झाला, एप्रिलमध्ये जमिला सुटली आणि जुलैत अल्जीरिया आझाद झाला. पण त्याच माफीत तिच्यावर जुलूम करणारेही सुटले. इन्साफ अर्धाच राहिला.

पिकासो ८ एप्रिल १९७३ रोजी गेला. फ्रँको सत्तेवर असेपर्यंत गेर्निका स्पेनला द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट होता. ते चित्र १९८१ मध्ये मायदेशी पोचलं. आपल्या पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन १९७१ च्या साओ पाउलो प्रदर्शनात त्याच्यासोबत खास निमंत्रित होते, हाही धागा लक्षात राहावा.

आम्ही त्याला फरिश्ता ठरवत नाही. घरच्या स्त्रियांशी तो नीट वागला नाही, त्याच्या कित्येक चित्रांना आपल्या घरांत जागा नाही. चेहरा रंगवावा की नाही, यावरही आपल्या आलिमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत. पण ना त्याच्या धर्माची, ना त्याच्या देशाची, अशा एका कैदी मुलीसाठी त्याने आपलं नाव पणाला लावलं, हे मान्य करायला हवं. आपल्या गल्लीतल्या एखाद्या बेकसूर पोराचा फोटो आरोपी म्हणून छापून येतो, तेव्हा त्याचा खरा चेहरा लोकांपुढे कोण ठेवतं? आणि दुसऱ्या समाजातल्या कुणावर जुलूम झाला, तर आपण काय करतो? पुढच्या वेळी जमिलाचं ते चित्र कुठे दिसलं, तर भाव विचारण्याआधी मुलांना तिची गोष्ट सांगा.