विश्लेषण : लातूरच्या वकिलाच्या हाती निजामाचे राज्य कसे गेले? कासिम रझवीचा उदय आणि अस्त

दरवर्षी १७ सप्टेंबरला बीडसह अवघ्या मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो आणि ‘रझाकार’ हा शब्द पुन्हा कानावर येतो. जुन्या माणसांच्या बोलण्यात तर दांडगाई म्हणजे रझाकारीच. पण या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी कोण होता? तालुक्याच्या गावातील एक वकील अवघ्या दोन वर्षांत निजामाच्या दरबाराला धाकात कसा ठेवू लागला?

रझवी मूळचा कुठला?

सय्यद कासिम रझवी मूळचा उत्तर भारतातील, तत्कालीन संयुक्त प्रांतातला. अलीगढला कायद्याचे शिक्षण घेऊन तो हैदराबाद संस्थानात आला आणि लातूरला वकिली करू लागला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. मोठी बाजारपेठ, बार्शी लाइट रेल्वेचे स्थानक, त्यामुळे पक्षकारांना तोटा नव्हता.

योगायोग असा, की शेजारच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत, याच काळात आणखी एक बाहेरून आलेला माणूस मुख्याध्यापक होता. विजापूरकडचे स्वामी रामानंद तीर्थ. पुढे एक स्टेट काँग्रेसचा अध्यक्ष झाला, दुसरा रझाकारांचा सरसेनापती.

मजलिसची सूत्रे त्याच्याकडे कशी आली?

मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची स्थापना १९२७ ची. तिला बळ दिले ते बहादूर यार जंग यांनी. संस्थानातील प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा वाटेकरी आहे, हा विचार त्यांनी रुजवला. प्रत्यक्षात संस्थानातील सुमारे ८५ टक्के प्रजा हिंदू होती आणि सामान्य मुसलमान शेतमजूर, विणकर किंवा शिपाई. त्याच्या वाट्याला सत्ता कधी आलीच नाही. आला तो फक्त अभिमान. जून १९४४ मध्ये बहादूर यार जंग अचानक वारले. दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, अध्यक्षपद रझवीकडे आले. अंगाने किरकोळ, दाढीधारी. पण बोलायला उभा राहिला की सभा पेटवणारा.

निजामाने त्याला का चालवून घेतले?

खरी मेख इथेच आहे. इंग्रज जाणार हे ठरताच निजाम मीर उस्मान अली खान याला स्वतंत्र राहायचे होते. पण फौज तुटपुंजी, समुद्रकिनारा नाही आणि चारही बाजूंना भारत. अशा वेळी रस्त्यावर उतरणारी खाकी गणवेशातील माणसे त्याला सोयीची वाटली. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. त्यांची संख्या दोन लाख असल्याचा दावा केला जाई.

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे ही सोय उलटली. भारताशी ‘जैसे थे’ करार करण्यासाठी पंतप्रधान छतारीचे नवाब, वॉल्टर माँक्टन आणि सुलतान अहमद दिल्लीला निघणार होते. सुमारे २५ हजारांच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला. लष्कराच्या मदतीने त्यांना बाहेर काढावे लागले. दिल्लीचा प्रवास रद्द झाला. छतारींनी पद सोडले आणि रझवीला चालणारे मीर लायक अली पंतप्रधान झाले. गंमत म्हणजे २९ नोव्हेंबरला जवळपास त्याच मसुद्यावर सह्या झाल्या. करार बदलला नाही. बदलला तो राज्याचा धनी.

गावागावांत काय घडले?

१९४८ उजाडल्यावर लूट, जाळपोळ, खून रोजचे झाले. बिदरकडच्या गोरट्यात मे महिन्यात मोठे हत्याकांड झाले. सरहद्दीवरील लोक गुरेढोरे सोडून नगर, सोलापूर जिल्ह्यांत पळाले. स्टेट काँग्रेसचे तरुण सीमेवरील छावण्यांतून करोडगिरी नाक्यांवर हल्ले करत होते. त्याचा सूड रझाकार गावांवर घेत. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर असफजाही झेंडा लावण्याच्या वल्गना रझवी करत होता.

विरोध करणारे मुसलमानही होते, हे सहसा सांगितले जात नाही. रझाकारांना आवरा आणि भारतात सामील व्हा, असे सात प्रतिष्ठित मुसलमानांचे निवेदन ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी छापले. ऑगस्ट १९४८ मध्ये घरी परतताना त्यांना रस्त्यात गाठून ठार मारण्यात आले. त्यांचा हातही तोडला होता.

अस्त कसा झाला?

१३ सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या नेतृत्वाखाली फौजा सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने आत शिरल्या. इतर बाजूंनीही तुकड्या घुसल्या. पाचव्या दिवशी सारे संपले. रझवीला काही दिवसांतच अटक झाली. २३ सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून जगाला सांगितले, की रझवीच्या टोळीने हिटलरी पद्धतीने राज्य बळकावले होते आणि आपण हतबल होतो. ज्याला वर्षभर वापरले, त्याच्या गळ्यात सगळे दोष बांधून निजाम पुढे राजप्रमुख झाला.

झळ बसली ती भलत्यांना. फौजा आल्यानंतरच्या सूडसत्रात किमान २७ ते ४० हजार लोक मारले गेले, असा अंदाज पंडित सुंदरलाल समितीने दिला. त्यात बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. ज्यांनी रझाकारांचा गणवेश कधी अंगाला लावला नव्हता, त्यांचीही घरे उजाड झाली. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला.

रझवीचे पुढे काय झाले?

बीबीनगरच्या दरोडा प्रकरणात त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. शोएबुल्ला खून खटल्यातील शिक्षा मात्र वरच्या न्यायालयात टिकली नाही. १९५७ मध्ये तो सुटला तो पाकिस्तानात जाण्याच्या अटीवर. जाण्याआधी हैदराबादला मजलिसची सूत्रे त्याने अब्दुल वाहिद ओवैसी यांच्याकडे सोपवली. कराचीला पुन्हा वकिली केली; राजकारणात तिथे त्याला कुणी विचारले नाही. १९७० च्या जानेवारीत तो तिथेच वारला. निजाम त्याच्या तीन वर्षे आधी हैदराबादेत गेला होता. त्याच्या अंत्ययात्रेला लाखोंची गर्दी होती.