आंतोनिन होली

आंतोनिन होली (१ सप्टेंबर, १९३६:प्राग, चेकोस्लोव्हाकिया - १६ जुलै, २०१२:प्राग, चेक प्रजासत्ताक) हे चेक रसायनशास्त्रज्ञ होते. एड्स व दीर्घकालीन हेपॅटायटिस बी या रोगांवर वापरल्या जाणाऱ्या टेनोफोव्हिर आणि ॲडेफोव्हिर या विषाणुरोधी औषधांमागील मूळ संयुगे त्यांनी तयार केली.

शिक्षण व संशोधन

होली यांनी प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. १९६० पासून ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीच्या सेंद्रिय रसायनशास्त्र व जीवरसायनशास्त्र संस्थेत होते. १९९४ ते २००२ या काळात ते तिचे संचालक होते.

१९७६ मध्ये त्यांचा परिचय बेल्जियमचे विषाणुशास्त्रज्ञ एरिक द क्लेर्क यांच्याशी झाला. होली प्रागमध्ये संयुगे तयार करीत व द क्लेर्क लूव्हेन येथे ती विषाणूंवर तपासत. शीतयुद्धाच्या काळातही हे सहकार्य टिकून राहिले. त्यांनी विकसित केलेल्या संयुगांतील फॉस्फोनेट गट पेशीतील विकरांकडून सहज तोडला जात नाही. विषाणूच्या वाढत्या डीएनए साखळीत हे संयुग शिरले की साखळीची वाढ खुंटते.

हेपॅटायटिस बीवरील उपचार

१९९८ मध्ये अमेरिकेत हेपॅटायटिस बीसाठी लॅमिव्हुडिनला मान्यता मिळाली. मात्र काही वर्षांच्या वापरानंतर अनेक रुग्णांतील विषाणू उत्परिवर्तनामुळे त्यास दाद देईनासा झाला व यकृताचा दाह पुन्हा वाढू लागला. २००२ मध्ये मान्य झालेले ॲडेफोव्हिर अशा विषाणूवरही परिणामकारक ठरले. एड्ससाठी तपासलेल्या मोठ्या मात्रेत त्याने मूत्रपिंडांना अपाय होत असे. हेपॅटायटिस बीसाठी दररोज १० मिलिग्रॅम मात्रा ठरविण्यात आली. एचआयव्हीसाठी २००१ पासून वापरात असलेल्या टेनोफोव्हिरला २००८ मध्ये हेपॅटायटिस बीसाठी मान्यता मिळाली. ते अधिक प्रभावी असल्याने ॲडेफोव्हिरने पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांना टेनोफोव्हिर देण्यात येऊ लागले. उपचारात खंड पडल्यास यकृतदाह उफाळण्याचा धोका असतो. त्यामुळे असा बदल वैद्यकीय देखरेखीखाली केला जातो. दीर्घ वापरात मूत्रपिंड व हाडांवर होणारा परिणाम कमी असलेले टेनोफोव्हिर अलाफेनामाइड हे रूप होली यांच्या मृत्यूनंतर, २०१६ मध्ये, हेपॅटायटिस बीसाठी मान्य झाले.

सन्मान व मृत्यू

२००१ मध्ये युरोपीय संघाचा देकार्त पुरस्कार मिळविणाऱ्या संशोधकगटात होली यांचा समावेश होता. १६ जुलै, २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी अमेरिकेत टेनोफोव्हिरयुक्त गोळीला एचआयव्ही संसर्गाच्या प्रतिबंधासाठी मान्यता देण्यात आली.