नानाभाई मूस आणि जागेची पारख

एखादा मोठा प्रकल्प कोठे उभारावयाचा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा जमीन कोठे मिळते, या प्रश्नात विरघळून जातो. जमिनीचा भाव, रस्ता, पाणी, वीज आणि कोणाचा आग्रह अधिक, एवढ्यांचा मेळ बसला की जागा ठरते आणि मग ती योग्य कशी, याची कारणे शोधली जातात. कचेरी किंवा गोदाम असेल तर हे एकवेळ चालून जाते. शास्त्रीय मोजमापाच्या कामात मात्र जागा हाच यंत्राचा पहिला भाग असतो. जागा चुकली तर उत्तम उपकरण आणि निष्णात निरीक्षक दोन्ही व्यर्थ ठरतात. आणि त्याहून वाईट म्हणजे, चुकीचा आकडा दिसावयास बरोबर आकड्यासारखाच असतो.

पनवेललगतच्या सुकापूरसारख्या गावांभोवती गेल्या काही दशकांत नवी वस्ती उभी राहिली. सुकापूरच्या शेजारी, नवीन पनवेलमध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. १९७१ साली स्वायत्त झालेल्या या संस्थेची वंशावळ मागे शोधत गेले तर ती अलिबागच्या वेधशाळेपाशी आणि तेथून मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपाशी पोहोचते. या दोन वेधशाळांना जोडणारा दुवा म्हणजे नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. जागेची निवड कशी करावी, याचा इतका निर्दोष धडा आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. पण ज्या रायगड जिल्ह्यात तो घडला, तेथील विद्यार्थ्यांनाही मूस यांचे नाव सहसा ठाऊक नसते.

वारसा साठ वर्षांच्या नोंदींचा

मूस यांचा जन्म १८५९ सालच्या ऑक्टोबरमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते एडिंबरो विद्यापीठात गेले आणि विज्ञानाची पदवी घेऊन परतले. १८९६ साली कुलाबा वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स निधन पावले आणि त्यांच्या जागी मूस यांची नेमणूक झाली. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत.

वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिली होती. ऑर्लेबार या प्राध्यापकांनी १८४१ साली तेथे चुंबकीय आणि हवामानविषयक निरीक्षणे सुरू केली आणि पुढे नोंदींची अखंड मालिका तयार झाली. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर नसते. ते दिवसाच्या प्रहरांबरोबर किंचित बदलते, सूर्यावरील उत्पातांमुळे काही तास खळबळते आणि वर्षानुवर्षे अगदी मंद गतीने सरकत राहते. हे मंद सरकणे ओळखावयाचे तर एकाच ठिकाणच्या, एकाच पद्धतीच्या, दीर्घ काळाच्या नोंदी लागतात. मालिका मध्येच तुटली तर ती पैसे देऊन पुन्हा सांधता येत नाही.

अशा नोंदीचे मोल कधी कळेल, हे सांगता येत नाही. मूस यांच्या जन्माच्या जेमतेम दोन महिने आधी, १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी, पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ झाले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्याचे आकडे नेमाने लिहून ठेवले. त्यांवरून क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले आणि त्या अभ्यासात याच भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. १९८९ च्या मार्चमध्ये याहून सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालविली, हे ध्यानात घेतले तर त्या जुन्या वहीचे महत्त्व उमगते.

विजेची ट्राम आणि सुई

मूस संचालक झाले तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. १९०० च्या सुमारास त्या विजेवर चालविण्याचा विचार पक्का होऊ लागला. नगराच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. वेधशाळेच्या दृष्टीने मात्र तो मृत्युलेख होता. ट्रामला लागणारा एकदिश विद्युत्प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांवाटे परत जातो. त्यातील काही भाग जमिनीत झिरपून भलत्या वाटांनी हिंडतो. अशा प्रत्येक प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असतेच. गाडी सुरू झाली की सुई हलणार, थांबली की पुन्हा हलणार. आणि कागदावर उमटणार ती पृथ्वीची नव्हे, ट्रामच्या वेळापत्रकाची नोंद.

ही अडचण केवळ मुंबईची नव्हती. टोरांटोच्या वेधशाळेला याच कारणाने १८९८ साली चुंबकीय काम शहराबाहेर ॲजिनकोर्टला न्यावे लागले. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे हे काम १९०८ साली स्कॉटलंडमधील एस्कडेलम्युर येथे गेले. ट्राम रोखून धरणे कोणालाच शक्य नव्हते आणि इष्टही नव्हते. प्रश्न एवढाच होता, की हलावयाचे ते कोठे आणि कसे.

मूस यांनी निवडलेली जागा मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटर आग्नेय-दक्षिणेस असलेल्या अलिबागची होती. मुंबईच्या कुलाब्याहून चुंबकीय काम तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आले, हा नावांचा योगायोग मनोरंजक आहे. निवड मात्र योगायोगाची नव्हती. तिच्या कसोट्या एकमेकींच्या विरुद्ध दिशांना ओढणाऱ्या होत्या. जागा शहराच्या विद्युत्प्रवाहांपासून पुरेशी दूर हवी, पण इतकी जवळ हवी की भूस्तराची जातकुळी तीच राहावी आणि कुलाब्याच्या नोंदींशी नव्या नोंदींचे नाते सांगता यावे. नुसती शांत जागा दख्खनच्या पठारावर कितीतरी सापडली असती. पण तेथे साठ वर्षांच्या मालिकेचा धागा तुटला असता.

जागेनंतर इमारत. कोकणातला आणि मुंबईतला नेहमीचा बांधकामाचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, स्वतःच चुंबकीय खनिजे बाळगून असतो. चुंबकत्व मोजणारी खोली त्या दगडाची बांधणे म्हणजे तराजूच्या पारड्याला चिंच चिकटविणे होय. म्हणून चुंबकीय दोष नाही याची परीक्षा करून निवडलेला पोरबंदरी दगड आणण्यात आला आणि लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. सतत नोंद घेणारी उपकरणे एका इमारतीत आणि त्यांची शहानिशा करणारी निरपेक्ष मोजमापे दुसऱ्या इमारतीत, अशी विभागणी केली गेली.

दुहेरी खर्चाची दोन वर्षे

१९०४ साली अलिबागची वेधशाळा सुरू झाली. येथे कोणीही व्यवहारी अधिकारी जुने खाते बंद करून मोकळा झाला असता. मूस यांनी तसे केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे दोन ठिकाणांत किती फरक पडतो आणि तो ऋतुमानाने कसा वागतो, हे प्रत्यक्ष आकड्यांनी सिद्ध झाले. त्यानंतरच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती १९०७ च्या मे महिन्यात.

हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर हा दुहेरी खर्च होता. एकच काम दोन ठिकाणी, दोन संच, दोन पथके! परंतु त्या दोन वर्षांच्या खर्चाने मागची साठ वर्षे वाचली आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे त्यांना जोडली गेली. मूस यांनी स्वतः या ठेव्याचे काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींचा त्यांचा दोन भागांतील ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. अनेक चुंबकीय वादळे त्यांच्या आरंभक्षणापासून एकाखाली एक मांडून त्यांची सरासरी चाल काढण्याचे त्यांचे काम त्या शास्त्रात आजही पायाभूत मानले जाते. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी ही धुरा वाहिली. १९३६ साली ते निवर्तले.

या चरित्रातून निघणारा बोध वेधशाळांपुरता नाही. जागा पाहण्याआधी गरज लिहून काढावी. समजुतीवर न विसंबता जमीन मोजावी. जुने सोडण्याआधी नवे त्याच्याशी ताडून पाहावे. दख्खनचे पठार अचल आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तो मोडला आणि बांधून झालेल्या धरणाला मागाहून बळकटी द्यावी लागली. त्यानंतरची पावले अधिक सावध पडली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेसाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची जागा ठरली, ती जमिनीची थरथर मोजून. त्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता २०२३ साली मिळाली.

मात्र जागा निवडली की काम संपत नाही. ती राखावी लागते. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे, पण तिच्याभोवतीचे अलिबाग १९०४ चे राहिलेले नाही. वाहने, लोखंडी सांगाडे आणि विजेच्या वाहिन्या यांपैकी एकेक गोष्ट क्षुल्लक भासते; त्यांची बेरीज क्षुल्लक नसते. नगररचनेचे आराखडे करताना अशा जागांभोवतीचा परीघ आधी आखला पाहिजे आणि त्या परिघात काय येणार, हे वेधशाळेला विचारून ठरविले पाहिजे. काम पुन्हा हलविण्याची वेळ आलीच, तर नवी जागा आधी सिद्ध करावी आणि दोन्हीकडच्या नोंदी काही वर्षे बरोबरीने घ्याव्यात. त्या खर्चाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी. मूस यांना हे १९०४ साली, परक्यांच्या राजवटीत करता आले. आपले राज्य असताना ते अवघड मानण्याचे कारण नाही.