साने गुरुजी : छात्रालयापासून आंतरभारतीपर्यंत

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. दारिद्र्याशी झगडत शिक्षण पुरे करून ते १९२४ मध्ये खानदेशातील अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मातृप्रेमाचे लेखक ही त्यांची ओळख सर्वपरिचित आहे. मुलांना नित्य एकत्र आणून त्यांच्यात सहकार्य कसे रुजवावे, या प्रश्नाचा त्यांनी घेतलेला ध्यास मात्र तितकासा लक्षात घेतला जात नाही.

छात्रालयात त्यांची भिस्त शिक्षेवर नव्हती. मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरीत, आजाऱ्याची शुश्रूषा करीत. त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही ते काढीत. निरनिराळ्या घरांतून आलेल्या मुलांना एका मजकुराभोवती रोज आणणारी ती एक प्रकारची सभाच होती. मात्र तीत बोलणारा प्रामुख्याने एक होता, ऐकणारे अनेक. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची चौकटही अशीच आहे : रात्री आश्रमात मित्र जमतात, श्याम सांगतो, इतर ऐकतात. प्रेमाने जमलेल्या मेळाव्यातही सहकार्य एकतर्फी राहू शकते, ही या रचनेची मर्यादा होय.

ही मर्यादा ओलांडण्याची वाट त्यांच्याच जीवनात सापडते. १९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य भाषकांच्या सहवासात आपल्याच देशबांधवांची भाषा आपल्याला येत नाही, ही उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली. पुढे त्यांनी तमिळ कुरळ मराठीत आणला. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. ज्या मेळाव्याचे दार काहींना बंद आहे, त्याला समाज म्हणता येत नाही, असाच त्या कृतीचा अर्थ होता. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रत्येकाने स्वभाषेत बोलावे आणि दुसऱ्याची भाषा शिकून ऐकावे, हे तिचे सार. येथे श्रोता व वक्ता यांच्या जागा परस्परांत बदलतात.

११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. आंतरभारतीचे स्वप्न अपुरे राहिले. बंगळूरसारख्या नगरात, जेथे एकाच वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी घरांतील मुले शेजारी बसतात, तेथे त्या स्वप्नाची कसोटी आजही लागते. वर्गाची सभा भरविणे सोपे. तीत प्रत्येक मुलाला बोलण्याची पाळी मिळणे, हे खरे काम आहे.