अ‍ॅलिक आयझॅक्स आणि विषाणूला अडवणारे प्रथिन

फ्लूचा ताप चढला की अंग मोडून येते, भूक जाते, पडून राहावेसे वाटते. याचा दोष आपण विषाणूला देतो. खरे तर त्यातला बराचसा त्रास आपल्याच पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक प्रथिनांमुळे होतो. त्यांपैकी एक म्हणजे इंटरफेरॉन, आणि ते शोधणाऱ्यांतला एक अ‍ॅलिक आयझॅक्स.

आयझॅक्सचा जन्म 1921 साली ग्लासगोचा. आजोबा लिथुआनियातून आलेले ज्यू निर्वासित. ग्लासगोतच तो डॉक्टर झाला, पण रोग्यांपेक्षा विषाणूंत अधिक रमला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला बर्नेट यांच्याकडे इन्फ्लुएंझावर काम करून तो लंडनजवळच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत आला.

एका विषाणूने पछाडलेली पेशी दुसऱ्या विषाणूला दाद देत नाही, हे तेव्हा ठाऊक होते. का, ते ठाऊक नव्हते. 1956 मध्ये झां लिंडेनमान हा तरुण स्विस संशोधक मिल हिलला आला आणि दोघांनी हा प्रश्न हाती घेतला. कोंबडीच्या अंड्यातील गर्भाभोवतीच्या पडद्याचे तुकडे त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेल्या फ्लूच्या विषाणूंबरोबर ठेवले. मग त्याभोवतालचा द्रव घेऊन त्यात ताजे तुकडे टाकले आणि जिवंत विषाणू सोडला. विषाणू वाढेना! म्हणजे पेशींनी द्रवात काहीतरी सोडले होते. हा शोध 1957 मध्ये प्रसिद्ध झाला.

विषाणूंवरचे पेनिसिलिन सापडले, असा गाजावाजा झाला. पण इंटरफेरॉन मिळे इतके थोडे की ते शुद्ध करता येईना. असे काही अस्तित्वात आहे यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. काही टीकाकारांनी तर नावाची मोडतोड करून त्याची थट्टा केली. ब्रिटनमधल्या औषध कंपन्याही कामाला लागल्या, पण हाती फारसे लागले नाही. आयझॅक्सला नैराश्याचे झटके येऊ लागले होते. 1964 मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला; त्यातून उठून तो पुन्हा प्रयोगशाळेत गेला. 1966 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि 1967 च्या जानेवारीत, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

पुढे फिनलंडमध्ये कारी कांटेल रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींतून इंटरफेरॉन काढत राहिले. हजारो लिटर रक्तातून ग्रॅमभरही शुद्ध माल निघत नसे. कोंडी फोडली ती जनुकाने. 1980 मध्ये झ्युरिकच्या चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने मानवी इंटरफेरॉन अल्फाचे जनुक जिवाणूत घालून ते जिवाणूकडून बनवून घेतल्याचे जाहीर केले. या प्रथिनाची जनुके, एक नव्हे तर डझनभर जुळी भावंडे, आपल्या नवव्या गुणसूत्रावर दाटीने बसलेली आहेत. प्रत्येकाचे प्रथिन जेमतेम 165 अमिनो आम्लांचे. ते शेजारच्या पेशीच्या दारावर थाप मारते आणि आतली विषाणूरोधक यंत्रणा जागी करते. आयझॅक्सच्या हयातीत यातले जवळजवळ काहीच माहीत नव्हते.

1986 मध्ये रक्ताच्या एका दुर्मिळ कर्करोगावर अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पुढे हिपॅटायटिस बी आणि सी साठीही ही इंजेक्शने दिली गेली. सी साठी आता गोळ्या आल्या आहेत. बी च्या काही रुग्णांना अजूनही इंटरफेरॉन देतात. या इंजेक्शनांनी ताप आणि अंगदुखी होतेच, पण काहींना गंभीर नैराश्यही येते. म्हणून पूर्वी कधी नैराश्य आले असेल, तर ती गोष्ट पहिल्या इंजेक्शनाआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावी.